बरगडीची ओळख

माझ्या लहानपणी हट्टा गावात मटण तराजूपेक्षा वाट्यावर जास्त मिळायचं. पोळ्याच्या करीला काही घरं मिळून बोकड घ्यायची. कापणारा जाणता असे. धुतलेल्या पोत्यावर ढीग लावताना प्रत्येक ढिगात मांडी, फरा, काळीज आणि बरगडी थोडी थोडी पडेल, हे तो बघायचा. कुणाच्या वाट्याला नुसती हाडं गेली तर गावभर बोलणं होई. त्याच्या सुरीत न्याय होता, आणि त्या न्यायाला जनावराच्या अंगाअंगाची ओळख लागायची.

बोकडाला बरगड्यांच्या १३ जोड्या. कण्यालगतचा भाग म्हणजे चाप, छातीकडचा सीना. कण्यालगतच्या मांसाला जनावर चालताना कमी कष्ट पडतात, म्हणून चाप कोवळा. सीन्यात चरबी, कुरकुरीत हाड आणि चिवट पापुद्रे. मंद आचेवर बराच वेळ ठेवला की तो चिवटपणा विरघळतो आणि रश्शाला अंग येतं. आई चाप तव्यावर परतायची, सीना हळदमीठ लावून चुलीवर रटरटत ठेवायची. चाप पुरुषांच्या ताटात जाई, सीन्याची हाडं बायकांच्या. पोत्यावरचा न्याय घरात येईपर्यंत टिकत नसे, हे मला तेव्हाही खुपायचं.

डुकराचं मांस आमच्या घरात निषिद्ध. परभणीला शिकताना एका मित्राच्या घरी ते पहिल्यांदा खाल्लं. त्याच्या आईनं बरगडीच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा आधी सोलून काढला. तो राहिला तर मसाला आत मुरत नाही, म्हणाली. मग कण्याजवळच्या आखूड, कमानदार बरगड्या बाजूला ठेवल्या आणि पोटाकडच्या लांब, चपट्या, चरबीदार बरगड्या आधी चढवल्या. त्यांना वेळ जास्त लागतो.

पुढे मुंबईत एका हॉटेलच्या मेनूकार्डावर बेबी बॅक, स्पेअर रिब्ज, सेंट लुईस अशी नावं वाचली आणि त्या माऊलीचे हात आठवले. बेबी बॅक म्हणजे पिल्लाचं मांस नव्हे, तर मोठ्याच जनावराच्या कण्याजवळच्या आखूड बरगड्या. स्पेअर रिब्ज पोटाकडच्या. त्यांच्या टोकाचं छातीचं हाड आणि कुरकुरीत भाग छाटून चौकोनी पट्टा केला की सेंट लुईस. छाटलेली ती टोकं शिकागोच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांनी धुरावर शिजवली आणि त्या शहराची ओळख करून टाकली.

मराठवाड्यातही हेच घडलं, पण त्याला मान मिळाला नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात इथल्या महार आणि मांग घरांतला स्वयंपाक लिहून काढला. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी तो इंग्रजीत नेला. ते वाचताना पटलं, की ज्यांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं, त्यांनाच जनावराचं अंग सगळ्यांत बारकाईनं कळलं. कोणता तुकडा किती वेळ मागतो, हे त्यांना माहीत होतं. पाककृतींच्या पुस्तकांनी त्यांना विचारलं मात्र नाही.

आज माझ्या घरी मटण शिजतं तेव्हा चाप आणि सीना प्रत्येक ताटात सारखा जातो. मुलांना कोणता तुकडा कुठला, तेही सांगतो. हे ज्ञान ज्या चुलींनी जपलं, त्यांचं नाव घेऊनच ते पुढच्या पिढीला द्यायला हवं.