'बंद' म्हणजे नेमकं काय?

'मशीन बंद आहे' या वाक्याचे कारखान्यात किमान चार अर्थ निघतात. बिघाड झालाय, माल आलेला नाही, साचा बदलणं चालू आहे किंवा जेवणाची सुट्टी आहे. माणसं संदर्भावरून ओळखतात. सॉफ्टवेअरला तो संदर्भ कुणीतरी लिहून द्यावा लागतो. माझी नोकरी तीच.

मी नवी मुंबईत राहतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत फिरतो. एमआयडीसी १९६२ची, सिडको १९७०ची. म्हणजे इथे शहराच्या आधी कारखाने आले. त्यामुळे एकाच शेडमध्ये वेगवेगळ्या दशकांतली, वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन्स भेटतात. एक थांबली की '०' पाठवते, दुसरी 'स्टॉप', तिसरी काहीच नाही. जुन्या मशीनला गेटवे जोडला की तिचा डेटा ओपीसी यूएवरून यायला लागतो. त्या शून्याचा अर्थ मात्र सोबत येत नाही.

तिथे ऑन्टॉलॉजी लागते. सोप्या भाषेत, अर्थांचा लेखी करार. बिघाड हा थांब्याचा एक प्रकार, साचाबदल दुसरा. प्रत्येक थांबा कुठल्या तरी मशीनचा असतो. हे लिहायला ओडब्ल्यूएल ही भाषा आहे, डब्ल्यू३सीने २००४ मध्ये प्रमाणित केलेली.

हे सगळं कागदी वाटेल. पण एका कारखान्याच्या जुन्या रिपोर्टमध्ये कारण न नोंदवलेला प्रत्येक थांबा ऑपरेटरच्या खात्यावर पडायचा आणि त्यावरून महिन्याचा इन्सेंटिव्ह ठरायचा. तिथले एक काका मला म्हणाले, "साहेब, स्टोअरमधून माल उशिरा आला हे कॉम्प्युटरला कुणी सांगितलं नाही. पैसे मात्र माझे गेले."

ओडब्ल्यूएलचा मला सर्वात आवडणारा नियम इथे कामी येतो: जे सांगितलेलं नाही ते खोटं धरायचं नाही, फक्त अज्ञात धरायचं. रिकामी जागा म्हणजे कुणाचा गुन्हा नव्हे. आम्ही 'कारण नोंदलेलं नाही' असा वेगळा रकाना केला आणि स्टोअरमधून माल निघाल्याची वेळ थांब्याच्या वेळेशी जोडली. बऱ्याच रिकाम्या जागांना मग कारण सापडलं.

मॅनेजरांना तो रकाना खटकला. डॅशबोर्डवर बरा दिसत नाही म्हणाले. आम्ही तो काढला नाही.

या व्याख्या ठरवायच्या मीटिंगला प्रॉडक्शन, मेंटेनन्स, आयटी असे सगळे असतात. मशीनसमोर आठ तास उभा राहणारा तेवढा नसतो. आता मी निमंत्रण पाठवतानाच लिहितो: शिफ्टमधला एक ऑपरेटर हवाच. 'बंद'चे चारही अर्थ त्यालाच पाठ असतात.