आकडा बघताय, वेळ बघितली का?

पाऊस लागला की आम्हा सांगलीकरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आयर्विनला किती?" घरात दूध आहे का हे नंतर. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर हा आकडा आमच्या छातीतच बसलाय.

त्या पुरातली आमच्या शेजारची गोष्ट. संध्याकाळी आम्ही सामान वर टाकून निघालो होतो. शेजारच्या काकांनाही हाक मारली. काकांनी मोबाईल दाखवला. ग्रुपवर पाणीपातळीचा फोटो आला होता. म्हणाले, "अरे, आपल्या उंबऱ्याला लागायला अजून तीन फूट आहेत. सकाळी बघू."

फोटो खरा होता, आकडाही खरा होता. फक्त तो सकाळचा होता. पुढे पाठवताना कुणीतरी वरची वेळेची ओळ कापली होती. रात्री दोनला पाणी काकांच्या स्वयंपाकघरात. पहाटे दोघं गच्चीवर, आणि काकूंचं इन्सुलिन खाली फ्रिजमध्ये. दुपारी बोट आली म्हणून निभावलं.

त्यानंतर मी हा आकडा येतो कुठून ते समजून घेतलं. कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागाची आपोआप माहिती गोळा करणारी यंत्रणा आहे. अशा यंत्रणेतलं पर्जन्यमापक साधं असतं. नरसाळ्याखाली दोन छोट्या वाट्यांचा झोका. एक वाटी भरली की कलंडते, दुसरी पुढे येते. किती वेळा कलंडली ते मोजलं की पाऊस कळला. पुलावरचं रडार खाली लहरी सोडतं, त्या पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून पाणी किती खाली आहे ते काढतं. शेजारच्या पेटीत ही नोंद वेळेसकट साठते. सोलर पॅनेल आणि बॅटरीवर ती पेटी चालते आणि ठराविक वेळाने माहिती उपग्रहावरून किंवा मोबाईल नेटवर्कवरून केंद्राकडे जाते.

म्हणजे बघा, यंत्र नुसता आकडा कधीच पाठवत नाही. सोबत ठिकाण आणि वेळ असतेच. वेळ गळते ती आपल्या हातात आल्यावर.

दुसरी गोष्ट याहून धोक्याची आहे. नरसाळ्यात पाला अडकला तर धो धो पावसातही वाटी कलंडणार नाही. तिकडून 'शून्य' येणार. बॅटरी उतरली किंवा रेंज गेली तर काहीच येणार नाही. आता पाऊस नाही म्हणून शून्य, नरसाळं तुंबलं म्हणून शून्य आणि माहितीच नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पण घरात बसून बघणाऱ्याला तिन्ही सारख्याच वाटतात: "वर पाऊस नाही वाटतं." आणि यंत्र गप्प बसण्याची शक्यता नेमकी मोठ्या पावसातच जास्त, कारण वीज, टॉवर, रस्ते तेव्हाच जातात.

म्हणून माझं म्हणणं तीनच गोष्टींचं आहे. एक, मे महिन्यात नालेसफाईचा हिशोब मागतो तसा या यंत्रांच्या साफसफाईचा आणि बॅटरी तपासणीचाही मागू. दोन, पूरपट्ट्यातल्या प्रत्येक चौकात फळा लागावा. त्यावर पातळी, वेळ, आणि माहिती आली नसेल तर 'माहिती आली नाही' असं सरळ लिहावं. खडूने लिहिलं तरी चालेल. तीन, पुलावर रंगवलेले फुटाचे आकडे डोळ्यांनी वाचणारा माणूस काढू नका. यंत्र गप्प झालं तर तोच आपला आधार.

वरचं पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, आणि तेवढ्याच वेळात आपल्याला काय ते आवरायचं असतं. एवढी यंत्रं त्याच वेळेसाठी बसवलीत. तो वेळ शिळ्या फोटोत घालवायचा नाही.

काका आता फोटो आला की आधी विचारतात, "कितीचा आहे रे हा?" फूट नव्हे, किती वाजताचा.

पोस्ट पटली तर पुढे पाठवा. आणि पावसाळ्यात पातळीचा फोटो पाठवाल तेव्हा वरची ओळ तेवढी कापू नका.