लूपच्या आत लूप

पिंपळनेरला गेलं की एक प्रश्न ठरलेला. "पुन्यात तू करस तरी काय रे भाऊ?" 'कारखान्यातल्या कंट्रोलर्सचं सॉफ्टवेअर' म्हटलं की मामा मान डोलावतात आणि चहा मागवतात. या वेळी मी पाटकऱ्यापासून सुरुवात केली. मामा चहा विसरले!

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत शेकडो वर्षं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. यंदा पाणी किती दिसतंय ते बघून कुठल्या फडात काय पीक घ्यायचं ते पंच ठरवणार. प्रत्यक्ष पाणी देणार पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः पाणी धरायचं नाही. म्हणजे पंच हंगामाचा विचार करतात आणि पाटाची धार कमीजास्त झाली तर पाटकरी तिथल्या तिथे निस्तरतो. (आता विहिरी, मोटारी आणि ऊस आले, वरती धरणं झाली, आणि फड बराच विरळ झाला. तो वेगळा लेख.)

हेच कॅस्केड कंट्रोल. साखर कारखान्यातला ज्यूस हीटर घ्या. रस साधारण १०२-१०५ अंशांपर्यंत तापवून क्लॅरिफायरकडे पाठवायचा. कमी तापला तर त्यातली हवा नीट निघत नाही, बारीक भुसा तरंगत राहतो, गाळ खाली बसत नाही. आता वाफेचा दाब घसरला. एकच लूप असेल तर आधी रस थंड होणार, मग सेन्सरला कळणार, मग व्हॉल्व्ह हलणार. तोवर कमी तापलेला रस पुढे गेलासुद्धा. कॅस्केडमध्ये तापमानाचा कंट्रोलर व्हॉल्व्हला हात लावत नाही, तो फक्त 'एवढी वाफ हवी' असं सांगतो. आतला फ्लो कंट्रोलर ती मिळवतो. दाब पडला की तो काही सेकंदांत व्हॉल्व्ह उघडतो, तापमानाला पत्ताही लागत नाही.

ट्यूनिंग मात्र आतून बाहेर. बाहेरचा लूप मॅन्युअलवर, आधी फ्लो लूप घट्ट बसवायचा, मग त्याला कॅस्केडवर टाकून बाहेरच्याची चाचणी घ्यायची. झीगलर आणि निकोल्स यांचे १९४२ चे नियम सगळ्यांना पाठ असतात, पण हा क्रम घाईत विसरला जातो. आतला लूप बाहेरच्यापेक्षा निदान तीन ते पाच पट चपळ हवा. नाहीतर पाटकरी निम्म्या वाटेत असतानाच पंचांचा दुसरा निरोप यायचा, आणि दोघंही धावत राहायचे.

आणि विंडअप! व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय, वाफच नाही, तरी बाहेरचा कंट्रोलर 'अजून दे, अजून दे' म्हणत आकडा फुगवतोय. वाफ आली की रस उकळायला लागतो. बंधारा कोरडा आहे हे पाटकऱ्याने पंचांना कळवायला हवं, म्हणजे आतला लूप मर्यादेला टेकला की बाहेरच्याचा इंटिग्रल तिथेच थांबवायचा. सॉफ्टवेअरमध्ये एवढी एक वायर ओढायला लोक का कंटाळतात, देव जाणे.

एका कारखान्यात (नाव नको) नेमकं हेच बघितलं. तापमान सतत झुलायचं. कंट्रोल रूममध्ये सगळे बाहेरच्या लूपचा गेन कमी-जास्त करत बसलेले. खरं दुखणं व्हॉल्व्हच्या पोझिशनरचं, तो अडकत होता, त्यामुळे फ्लो लूपच सुस्त. रात्रपाळीचा ऑपरेटर गळीत हंगामभर लूप मॅन्युअलवर टाकून, आठ तास पडद्याकडे बघत हाताने वाफ सांभाळायचा. आकडे छान ठेवायचा, हां! म्हणूनच कुणाला काही वाटलं नाही.

पोझिशनर बदलला, आतून बाहेर ट्यून केलं, विंडअपची वायर ओढली. पहिल्या रात्री तो लूप ऑटोवर ठेवायला तयारच नव्हता. माऊसवरचा हात काढेना. तिसऱ्या रात्री बाराच्या सुमारास डबा उघडून निवांत जेवायला बसला, आणि घास घेता घेता मला विचारलं, "साहेब, दुसऱ्या हीटरचं कधी?"