चाकणचा माल आणि ग्राहकाची बोली

आकुर्डीला बजाज ऑटोचे मुख्यालय आहे, तर चाकणला कारखाना. या कंपनीच्या बॉक्सर दुचाकी नायजेरियात भाड्याने प्रवासी नेतात. तेथील उत्तरेकडील कानो ही जुनी व्यापारपेठ. तिची बोली हौसा. भाड्याच्या दुचाकीला त्या भाषेत ‘अचाबा’ म्हणतात.

पिंपरी-चिंचवडचा तरुण परकी भाषा निवडताना बहुधा जर्मन किंवा जपानी निवडतो. ते योग्यच, त्या देशांचे कारखाने चाकण परिसरात आहेत. परंतु ती नोकरी देणाऱ्याची भाषा झाली. हौसा ही माल घेणाऱ्याची भाषा आहे.

हौसा संभाषणाचे शिक्षण अभिवादनापासून सुरू होते. सकाळी ‘इना क्वाना?’ म्हणजे रात्र कशी गेली, असे विचारावे. ‘लाफिया लाउ’, सर्व कुशल, असे उत्तर मिळते. ‘नावा ने?’, म्हणजे किंमत किती, हा प्रश्न त्यानंतरचा. सुरांचे चढउतार नेहमीच्या लेखनात दाखवत नाहीत. म्हणून पुस्तक पुरत नाही, शिक्षकाकडून कानाने शिकावे लागते.

आपल्या पेढीवरही आधी पाणी, मग घरची खुशाली आणि शेवटी भाव, हाच क्रम असे. बीजक इंग्रजीत चालते. उधारी मात्र ओळखीवरच दिली जाते.