टोंकखुर्दचं टिंब

टोंकखुर्द हे देवास जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. माळव्याची काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू-हरभरा. ‘खुर्द’ म्हणजे धाकटं, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. पाटी हिंदी असो की मराठी, नाव नागरीतच. त्यामुळे त्याला दुसऱ्या लिपीची गरज आम्हाला कधी पडली नव्हती.

ती पडली नातवामुळे. तो जपानमध्ये पहिलीत आहे. घरी मराठी बोलतो, पण वाचतो जपानी. तिथे मुलं आधी हिरागाना शिकतात, मग काताकाना. परदेशी नावं लिहायची ती काताकानात. म्हटलं, आता पत्र पाठवू त्यावर गावाचं नाव तरी त्याला स्वतःला वाचता यावं.

जपानीत ‘ट’ नाही, ‘ख’ नाही आणि ‘न्’ सोडला तर सुटं व्यंजन लिहिता येत नाही. म्हणून टोंकखुर्दचं होतं ‘तोन्कुकुरुदो’. देवासचं ‘देवासु’. हिचं माहेर धार. त्याचं ‘दारु’ झालेलं तिला अजून पसंत नाही!

यातला ‘न्’ मी व्हिडिओ कॉलवर नातवाकडून गिरवून घेतला. दोनच रेघा. आधी वर डावीकडे छोटी आडवी-तिरपी रेघ, टिंबासारखी. मग खाली डावीकडून निघून उजवीकडे वर जाणारी लांब रेघ. सुरुवातीला दाबून, शेवटी हलकी. पहिली रेघ उभट केली आणि दुसरी वरून खाली ओढली, की अक्षर ‘सो’ होतं आणि गावाचं ‘तोसोकुकुरुदो’. छापलेली ही दोन अक्षरं पटकन वेगळी ओळखू येत नाहीत. हातानं लिहिलं की फरक कळतो. “आबा, खालून वर!” हे मास्तर दर वेळी बजावत.

गंमत म्हणजे हा ‘न्’ आपल्या अनुस्वारासारखाच वागतो. ‘टोंक’मध्ये पुढे ‘क’ आहे म्हणून तो कंठातून येतो, ‘अंत’मध्ये दातांशी, ‘अंबा’मध्ये ओठांवर. जपानी ‘न्’सुद्धा पुढचं अक्षर पाहूनच उच्चार बदलतो. त्यांची वर्णमालाही आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना अशी चालते. बौद्ध भिक्षूंबरोबर भारतातून चीनमार्गे गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासाची ती खूण. खुद्द काताकाना नवव्या शतकाच्या सुमारास भिक्षूंनीच घडवली. ग्रंथ वाचताना ओळींमध्ये झटपट टिपणं करता यावीत म्हणून चिनी अक्षरांचे तुकडे घेऊन.

पत्र पोहोचलं. नातवानं गावाचं नाव कुणाला न विचारता मोठ्यानं वाचलं. मग मी त्याच्याकडून नागरीतला ‘टों’ गिरवून घेतला. आपण टिंब सगळ्यांत शेवटी देतो. त्यानं आधी टिंब दिलं आणि मग त्याखाली अक्षर काढलं. मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी ‘क’ घ्यायचा आहे.