नापसंत

गच्चीवरच्या खोलीत गोणपाटात बांधून ठेवलेल्या काठ्या भाचीला सापडल्या. "आजोबा, या कुणाला मारायच्या?" अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मारायच्या नाहीत, बसायच्या आहेत," आणि उठून आत गेले. बाजीराव जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. सांगायचं काम आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

बाजीराव म्हणजे कॉकाटील. पक्ष्यांच्या दुकानात सर्रास 'कॉकटेल' म्हणतात तो. डोक्यावर तुरा, म्हणून बाजीराव. दादाला खरं तर हिरवा मिठू हवा होता, आजीच्या ओसरीवर असायचा तसा. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपले रानातले पोपट पाळणं गुन्हा आहे. म्हणून हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पाहुणा आला. अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "त्याचं काहीही मला सांगायचं नाही."

आठवडाभरात पिंजऱ्यातली गुळगुळीत गोल दांडी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. "सगळीकडे एकच व्यास. तळव्याला रोज त्याच जागी लोड. झीज होणारच." खरंच तसं होतं. तळवा आधी लाल होतो, मग फोड येतो, चिघळतो. पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. फांदी कुठे जाड, कुठे बारीक असली की पकड बदलत राहते आणि तळव्याला आराम मिळतो.

मग अण्णा पहाटे फिरायला जाताना पिशवीत करवत ठेवू लागले. झाडाला हात लावत नसत. कुणाच्या बागेत छाटणी झाली की ढिगातून निवडत. पेरूला पहिला मान: चिवट, वाकडातिकडा, आणि चोचीला सोलायला साल. चिंच, जांभूळ चाले. शेवग्याचा बाजीराव बघता बघता भुगा करी. हमरस्त्यालगतचं काही नको, धुराने माखलेलं असतं. सोसायटीच्या कुंपणाला कण्हेर आहे. ती पानापासून मुळापर्यंत विषारी, त्यामुळे तिच्याजवळून गेले तरी घरी येऊन हात धुवायचे. आई म्हणायची, "लोकांचे नवरे येताना दूध आणतात, आमच्याकडे सरपण येतं."

घरी आल्यावर किडीची भोकं तपासायची, ब्रशने खसाखसा घासायचं, कढत पाणी ओतायचं आणि गच्चीत कडकडीत वाळवायचं. साल ठेवायची, टोकं तेवढी कानशीने मारायची. एका टोकाला भोक पाडून बोल्ट, दोन मोठे वायसर, नट. खिळा नाही, गोंद नाही. शेवटी व्हर्निअर लावून टोकावर पेन्सिलीने लिहायचं: 'पेरू, १६ ते २४'. मिलिमीटर म्हणायची गरज त्यांना वाटत नसे.

पुढचं मात्र बाजीराव ठरवी. अण्णा स्टूल ओढून समोर बसत. तो मान तिरकी करून बघे, एक पाय ठेवी, कधी दुसराही ठेवी, कधी पहिलाच काढून घेई. घेतला की अण्णा हूं की चूं न करता काठी उतरवत आणि तिच्यावर लिहीत, 'नापसंत'.

मला याचा राग येई. अण्णांनी लावून दिलेली नोकरी दादाने सोडली, तेव्हा याच माणसाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मी एका स्थळाला नको म्हटलं, तेव्हा आठवडाभर माझ्या हातचा चहा घेतला नव्हता. आणि मूठभर पाखराचा नकार असा निमूट!

अबोल्याच्याच दिवसांतली गोष्ट. वळवाची रात्र, वीज गेलेली, मध्येच कडाडली आणि पिंजऱ्यात एकच धुमाकूळ उठला. कॉकाटील अंधारात दचकले की असे आंधळेपणाने धडका देत सुटतात. दादाने टॉर्च मारला. बाजीराव तळाशी, पंखाशी रक्त, तुरा ताठ. वरच्या झोपायच्या काठीकडे बघे, पण उडायचं धाडस होईना. दादाने हात घातला तर फिस्कारला. अण्णा पाना घेऊन आले.

"धर."

दादाने काठीचं मोकळं टोक धरलं. अण्णांनी नट सैल केला.

"खाली घे. आणखी. हां. हलवू नकोस."

काठी तळापासून चार बोटांवर बसली. बाजीरावाने एक पाय ठेवला. आम्ही सगळे त्या पायाकडे बघत होतो. मग दुसरा ठेवला. दादा हळूच म्हणाला, "पसंत." अण्णा काही बोलले नाहीत, पण झोपायलाही गेले नाहीत. दोघं टॉर्च आडवा ठेवून जमिनीवर बसून राहिले. पहाटे चोचीवर चोच घासल्याचा कर्र कर्र आवाज आला. पोपट निर्धास्त झाले की झोपण्याआधी हा आवाज करतात. मी चहा नेला तेव्हा दादाच्या पगाराची चौकशी चालली होती. पगार अण्णांना पसंत नव्हता, पण विचारत तरी होते.

भाचीला मी यातलं निम्मंच सांगितलं. तिच्या बापाची फजिती तिने मोठेपणी ऐकावी.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू काठ्या मागायला आल्या. त्यांच्याकडे लव्हबर्डची जोडी आहे. अण्णा म्हणाले, "जाड होतील. पाय बघितल्याशिवाय मी देत नसतो." काकू हिरमुसून गेल्या. आई चिडली, "देऊन टाकायच्या की, कशाला हवाय तो पसारा?" मी अण्णांची बाजू घेतली, कारण एकही काठी घराबाहेर जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. संध्याकाळी बघते तर अण्णा व्हर्निअर घेऊन जिना उतरत होते.