नाकाडोंगरी : धानाचे बांध आणि सूर्याचा मूड

मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी नाकाडोंगरी म्हणजे ‘हे कुठे आलं बुवा?’ कॅटेगरीतलं नाव. तर बॉस, नागपूरहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर आणि तिथून पुढे मध्य प्रदेशची हद्द हाकेवर येईपर्यंत जायचं. वाटेत दोन्ही बाजूंना धानाची शेतं. हा बावनथडी नदीचा आणि मँगनीजच्या खाणींचा पट्टा. जवळच्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीसाठी वापरतात. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलचं माहेर इथलंच असू शकतं!

अशा गावात बसून सौरवादळाचा विचार कोण करतं? मी केला. कारण इथले बांध.

धानाच्या मुलखात बांध म्हणजे काय चीज आहे, हे फ्लॅटमध्ये राहून कळत नाही. हातभर सरकला की सख्खे भाऊ बोलेनासे होतात, केस वर्षानुवर्षं चालते. पूर्वी मोजणीला साखळी यायची, आता महाराष्ट्रात भूमी अभिलेखवाले रोव्हर घेऊन येतात. काठीवर बसवलेलं हे यंत्र सॅटेलाइटचे सिग्नल पकडून काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगतं. टपरीवर एका काकांना विचारलं, तर म्हणाले, “मशीन खोटं नाही बोलत भाऊ, मानूस बोलते.” पॉइंट आहे. पण मशीन कधीकधी गोंधळतं, आणि त्याला सूर्य जबाबदार असतो.

होतं असं की, सूर्य मधूनच विद्युतभारित वायूचा प्रचंड लोट अंतराळात भिरकावतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की वरच्या हवेतला आयनोस्फिअर नावाचा थर ढवळून निघतो. सॅटेलाइटचा सिग्नल याच थरातून खाली येतो, मग तो रेंगाळतो नाहीतर थरथरतो. फोनवरचा मॅप चार-पाच मीटर चुकला तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. रोव्हरला मात्र सेंटिमीटरचा हिशेब असतो.

10 मे 2024 ला दोन दशकांतलं सर्वांत तगडं वादळ आलं. लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं आणि आपण ते फोटो धडाधड फॉरवर्ड केले. त्याच वेळी अमेरिकेत मक्याच्या ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले. कित्येक शेतकऱ्यांनी काम थांबवलं. मे म्हणजे आपल्याकडे शेतं रिकामी व्हायचे आणि मोजणीचे दिवस, हे विसरू नका! रोव्हर ‘फिक्स’ देत नसेल तर थोडं थांबून पुन्हा रीडिंग घ्यायचं, एवढाच त्यावर उपाय. घाईत रोवलेली खूण पुढची पिढी निस्तरते.

मार्च 1989 मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांताची ग्रिड अशाच वादळात मिनिट-दीड मिनिटात झोपली. सुमारे 60 लाख लोक नऊ तास अंधारात. आपण ध्रुवापासून लांब आहोत, त्यामुळे तारांना तेवढा धोका नाही. मात्र चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं, म्हणून आपल्या डोक्यावरचा आयनोस्फिअर एरवीही जरा खट्याळ असतो, विशेषतः सूर्यास्तानंतर.

आणि यातली सगळ्यात भारी स्टोरी तर आपल्या मुंबईची आहे. 2 सप्टेंबर 1859. आजवरच्या सर्वांत प्रसिद्ध सौरवादळाचा दिवस. परदेशात तारऑफिसांच्या यंत्रांतून ठिणग्या उडत होत्या, काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवली तरी तारा जात होत्या. त्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं डोळ्यांनी चुंबकसुईची रीडिंग घेत होती. पृथ्वीचं क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद त्यांनी केली. मे 2024 च्या वादळाचा जगभरचा सरासरी आकडा 400 च्या आसपास होता. (एका ठिकाणचं रीडिंग आणि सरासरी यांची थेट तुलना करू नये, पण अंदाज येतो ना?) त्या नोंदी 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासल्या आणि जगाला कुलाब्याचं मोल कळलं.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिघडतील म्हणून 1904 मध्ये वेधशाळा अलिबागला नेली. आपण बीचसाठी जातो ते अलिबाग! आज पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था तिचं काम पाहते, आणि या संस्थेचं एक केंद्र नागपुरातही आहे. शिवाय 2 सप्टेंबर 2023 ला, म्हणजे कुलाब्याच्या नोंदीच्याच तारखेला, आदित्य-एल1 सुटलं. 15 लाख किलोमीटरवरून ते सूर्यावर डोळा ठेवून आहे.

नाकाडोंगरीला जायचं असेल तर पावसाळा संपता संपता जा, धान पिवळं पडायला लागलेलं असतं. हावडा-मुंबई लाइनवरच्या तुमसर रोडला उतरा, पुढे गाडी करा. खिशात थोडी कॅश ठेवा. आणि मॅप अडलाच तर काच खाली करून विचारा, टपरीवर कोणीतरी असतंच.